पोट फुगतंय, पण आतडं कुठंच अडलेलं नाही: आयसीयूतल्या एका सिस्टरचं पत्र

पत्र मोठं आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या आयसीयूत स्टाफ नर्स आहेत, बहुतेक वेळा नाइट ड्युटी. त्यांच्याकडे 71 वर्षांचे एक आजोबा आहेत, खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर. पाचव्या दिवशी पोट फुगायला लागलं. सिस्टरनी टेप लावून घेर मोजला, 92 सेंटिमीटर, आणि दुसऱ्या रात्री 101. ड्युटीवरच्या ज्युनियर डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले ऑपरेशननंतर होतंच असं, लॅक्टुलोज, म्हणजे शी सैल करणारं औषध, द्या. यांनी दिलं. सकाळी पोट आणखी टम्म. एक्सरेत सिकम, म्हणजे मोठ्या आतड्याची अगदी सुरुवातीची पिशवी, 11 सेंटिमीटर, पण सीटीत अडथळा कुठंच नाही. सीनियर डॉक्टर म्हणाले हा ओगिल्वी आहे, म्हणजे अडथळा नसताना मोठं आतडं थिजून फुगणं. दोन दिवस वाट बघून निओस्टिग्मिन, म्हणजे आतड्याला चाल देणारं इंजेक्शन, दिलं, पाचेक मिनिटांत नाडी 42 वर आली, नाडी वर आणणारं ॲट्रोपिन द्यावं लागलं, आणि त्याच गडबडीत भरपूर गॅस आणि पातळ शी होऊन पोट बसलं. आता दोन दिवसांनी पोट परत वर यायला लागलंय, रक्तातलं पोटॅशियम 3.1 म्हणजे कमी आहे, मधल्या काळात वेदनेच्या फेंटॅनिलचा पंप परत चालू झालाय. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "लॅक्टुलोज माझ्या हातून गेलं, माझं चुकलं का? नाडी पडली ती देण्यात चूक झाली म्हणून का? आता परत तेच इंजेक्शन द्यायचं का? आणि घरचे विचारतात शी होतेय तर मग नळीतून खायला का देत नाही, त्यांना काय सांगू?"

सिस्टर, सगळ्यात आधी हे सांगते की तुम्ही टेप लावलीत म्हणून हे कळलं. गुंगीत असलेला व्हेंटिलेटरवरचा माणूस पोट दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, कण्हत नाही, हात पोटावर नेत नाही, आणि हाच या आजारातला आयसीयूमधला मोठा धोका आहे, म्हणजे जो माणूस वॉर्डात असता तर ओरडला असता तो इथं शांत पडून असतो आणि आतडं आत ताणत जातं. त्यामुळे दोन रात्री तोच माणूस बघणाऱ्या नर्सच्या नजरेला आणि हाताला इथं जी किंमत आहे ती सकाळी पाच मिनिटं राउंडला येणाऱ्याच्या नजरेला नाही.

आता लॅक्टुलोज. हो, या आजारात ते द्यायचं नसतं. लॅक्टुलोज ही न पचणारी साखर आहे, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि त्यातून गॅस होतो, म्हणजे आधीच फुगलेल्या पिशवीत आणखी हवा. नेहमीच्या बद्धकोष्ठतेत चालतं कारण आतडं ढकलत असतं, इथं ढकलणंच थांबलंय. पण लिहिलेली ऑर्डर होती, तुम्ही आधी कळवलं होतं, त्यामुळे हा अपराध मनावर घेऊन बसू नका. पुढच्या वेळी पोट फुगलेल्या पेशंटला लॅक्टुलोज लिहिलेलं दिसलं तर हातात बाटली घेण्याआधी विचारा, "सर, एक्सरे बघून देऊया का?" एवढंच.

हा प्रकार मुळात काय आहे ते नीट सांगते कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. विल्यम हेनेज ओगिल्वी नावाच्या ब्रिटिश सर्जननी 1948 साली दोन पेशंटबद्दल लिहिलं, आतडं अडल्याची सगळी लक्षणं, पण पोट उघडल्यावर आतड्यात अडथळाच नाही. दोघांनाही कॅन्सर होता आणि तो पोटाच्या मागच्या बाजूला नसांच्या जाळ्यात शिरला होता, त्यावरून त्यांनी नसांचा दोष असणार असा अंदाज बांधला. नेमक्या कुठल्या नसा याबद्दलचं त्यांचं म्हणणं आता उलटं धरतात, पण मूळ मुद्दा टिकला. आतड्याला चाल देणाऱ्या पॅरासिम्पथेटिक नसा मंद होतात, ब्रेक लावणाऱ्या सिम्पथेटिक नसा जोरात चालतात, आणि आतडं जागच्या जागी थिजतं. आणि हे कोणाला होतं तर ज्यांना आधीच दुसरं काहीतरी मोठं झालंय त्यांना, खुब्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन, सिझेरियन, हार्टचं ऑपरेशन, मोठा अपघात, सेप्सिस, हार्ट अटॅक, पार्किन्सन्स. तुमच्या आजोबांकडे वय, खुबा, न्यूमोनिया, अंथरुणाला खिळणं, वेदनेची औषधं, सगळंच एकत्र आलंय.

सिकमच का फुटतं असं बरेच जण विचारतात. फुगा फुगवून बघा, पहिली फुंकर जड जाते आणि एकदा फुगला की पुढं सोपं होतं. आतला दाब सगळीकडे सारखा असला तरी जिथली गोलाई मोठी तिथल्या भिंतीवर ताण जास्त, आणि मोठ्या आतड्यात सगळ्यात रुंद जागा सिकमची. ताण वाढला की भिंतीतला रक्तपुरवठा दबतो, मग भिंत काळी पडते, मग फुटते. म्हणून 12 सेंटिमीटर हा आकडा सगळे लक्षात ठेवतात, आणि त्याच्या जोडीला दिवस, सहा दिवसांच्या पुढं फुगलेलं राहिलं की धोका वाढतो. पण आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हळूहळू वर्षानुवर्षं मोठं झालेलं आतडं 12 च्या पुढंही निभावून नेतं, आणि दोन दिवसांत 8 वरून 11 वर गेलेलं जास्त भीतीदायक असतं. आतडं काळं पडलं किंवा फुटलं तर दहातले चारेक पेशंट जातात, आणि आपण हे सगळं जे करतोय ते तिथवर न पोचण्यासाठी.

सीटी केलं ते अगदी बरोबर, आणि ते निओस्टिग्मिनच्या आधी झालं हे त्याहून बरोबर. आतडं खरंच अडलेलं असेल, गाठ असेल, पीळ पडला असेल, तर हे इंजेक्शन बंद दारावर जोरात धक्का मारल्यासारखं आहे, दार उघडत नाही, भिंत फुटते. खाली बोट घालून तपासणंही व्हायला हवं कारण घट्ट शीचा गोळा अडकलेला असतो आणि तो कोणी बघितलेलाच नसतो. आणि अँटिबायोटिकवर असलेल्या पेशंटला पातळ शी होत असेल तर शीतल्या सी डिफिसाइल या जंतूची तपासणी पाठवा, कारण त्या जंतूमुळे सुजून फुगलेलं आतडं बाहेरून असंच दिसतं आणि तिथं उपचार वेगळे आहेत. तुमच्या पत्रात ही टेस्ट झाल्याचं कुठंच नाही. आजोबा न्यूमोनियाची अँटिबायोटिक घेतायत आणि पातळ शी झालीय, म्हणजे ती आजच विचारा.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तिथं मी स्वतः एकदा चुकलेय. शिकत असताना माझ्याकडे असाच एक पेशंट होता, पोट नगाऱ्यासारखं, पण रोज थोडी पातळ शी व्हायची आणि मी नोट्समध्ये लिहायचे, शी होतेय, आतडं चालू आहे. एक्सरे रोज करायचा असतो तो मी दोन दिवस केला नाही. तिसऱ्या दिवशी पोट लाकडासारखं कडक झालं, ऑपरेशन झालं, सिकम फुटलेलं होतं, त्या बाई वाचल्या नाहीत. या आजारात बऱ्याच जणांना थोडी शी किंवा गॅस जात राहतो, वरचं भरलेलं आतडं नुसतं कडेनं पाझरतं. घरच्यांना असंच सांगा, की थोडंसं पाझरतंय पण आतला साठा पुढं सरकत नाहीये, आत्ता वरून खाणं घातलं तर भरलेल्या आतड्यात भर पडेल, आणि उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया आणखी बिघडेल. पाणी, क्षार सगळं सलाईनमधून जातंय आणि पोट बसलं की खाणं हळूहळू चालू करू, हेही त्याच वाक्यात सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपण उपाशी ठेवलंय.

पहिले दोन ते तीन दिवस वाट बघणं यात काही गैर नाही, बहुतेक पेशंट नुसत्या तेवढ्यावर बरे होतात. फक्त वाट बघायची म्हणजे मोजत बघायची. तोंडानं काही नाही, राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, उघडी ठेवून बॅगला जोडलेली, खालून गॅस काढायची फ्लॅटस ट्यूब, आणि एक्सरे दर 12 ते 24 तासांनी. पोटॅशियम 4 च्या वर, मॅग्नेशियम 2 च्या वर, आणि मॅग्नेशियम कमी असलं की पोटॅशियम कितीही घाला ते टिकत नाही, लघवीतून निघून जातं, म्हणून नुसतं पोटॅशियमच धावत घालत बसू नका, दोन्ही बघा. कॅल्शियमही बघून घ्या.

मग औषधांचा चार्ट, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथं काही विकत आणायला लागत नाही, फक्त कोणीतरी बसून वाचायला लागतं. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रामाडॉल हे तर आहेतच. पण घशातलं पाणी कमी व्हावं म्हणून दिलेलं ग्लायकोपायरोलेट, रात्री बडबडतात म्हणून दिलेलं क्वेटियापिन, बीपीसाठीचं डिल्टियाझेम, ॲलर्जीच्या गोळ्या, ही सगळी आतडं मंद करतात आणि कोणाच्या डोक्यात येत नाहीत. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची वेदनेची औषधं एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, तो छळ आहे, पण पॅरासिटामोल ठरलेल्या वेळेला देऊन, खुब्याच्या नसेला ब्लॉक देऊन फेंटॅनिल बरंच खाली आणता येतं, भूलतज्ज्ञांना विचारायचं. नुसत्या ओपिऑइडचाच, म्हणजे मॉर्फिन, फेंटॅनिलसारख्या औषधांचाच, त्रास आहे असं दिसत असेल तर मिथाइलनॅलट्रेक्सोन हा एक पर्याय आहे, तो आतड्यावरचा परिणाम काढतो आणि वेदनेवरचा ठेवतो.

पोझिशन देणं हे तर पूर्णच तुमच्या हातातलं. डावी कूस, उजवी कूस, तासातासानं बदलत, आणि जमत असेल तर पालथं झोपवून कंबरेखाली उशी, म्हणजे गॅस वर चढून गुदद्वाराकडे येतो. तुमच्या आजोबांच्या खुब्यात नवीन सांधा बसवला असेल तर कुठल्या बाजूला किती वळवायचं ते हाडाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्याशिवाय पालथं करू नका.

आता नाडी. ही चूक नव्हती सिस्टर. ॲसिटिलकोलीन म्हणजे नसा ज्यातून निरोप देतात ते रसायन, निओस्टिग्मिन ते मोडू देत नाही, ते साठतं, आतड्याला चाल देतं, पण तेच ॲसिटिलकोलीन हार्टलाही मंद करतं, घशात पाणी आणतं, श्वासनळ्या आवळतं, पोटात कळ आणतं. म्हणजे नाडी पडणं हा त्या औषधाचा ठरलेला परिणाम आहे. चूक तेव्हा असते जेव्हा नाडी पडल्यावर ॲट्रोपिन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते शोधायला लागतं. सिरिंजमध्ये ओढून, लेबल लावून उशाशी, मॉनिटर चालू, सक्शन हाताशी, डॉक्टर बेडपाशी उभे, बेडपॅन आधीच खाली सरकवलेलं, आणि 2 मिलिग्रॅम तीन ते पाच मिनिटांत सावकाश, मग पुढं किमान अर्धा तास नजर हलवायची नाही. दम्याचा त्रास, आधीच मंद नाडी, ताजा हार्ट अटॅक, खराब किडनी, अशांना ते द्यायचं की नाही याचा विचार आधी करायचा, किडनी खराब असेल तर औषध अंगात रेंगाळतं.

या औषधावर एवढा भरवसा का, तर 1999 साली 21 पेशंटवर झालेला एक छोटा अभ्यास आहे. निओस्टिग्मिन मिळालेल्या 11 पैकी 10 जणांचं पोट बसलं, नुसतं सलाईन मिळालेल्या 10 पैकी एकाचंही नाही, आणि परिणाम साधारण 4 मिनिटांत. एवढ्या कमी माणसांत एवढा स्वच्छ फरक क्वचित दिसतो. आणि तुमच्या आजोबांसारख्या व्हेंटिलेटरवरच्या, अनेक अवयव बिघडलेल्या पेशंटमध्ये 2001 साली पंपावर तासाला 0.4 ते 0.8 मिलिग्रॅम असं चोवीस तास देऊन बघितलं, 13 पैकी 11 जणांना शी झाली, औषध न मिळालेल्यांत कोणालाच नाही. एकदम डोस दिल्यावर नाडी 42 वर आलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी पंपावर हळू देणं मला स्वतःला जास्त पटतं, पण ते तुमच्या सीनियरनी बेडपाशी उभं राहून ठरवायचं.

तर मग दुसऱ्यांदा द्यायचं का? देता येतं, पहिल्यांदा लागू पडलेल्यांना बरेचदा दुसऱ्यांदाही लागू पडतं. पण आत्ताच्या आत्ता नाही. तुमच्याच पत्रात पोट परत का फुगलं ते लिहिलंय, पोटॅशियम 3.1 आणि फेंटॅनिल परत चालू. ते तसंच ठेवून इंजेक्शन दिलं तर परवा पुन्हा हेच पत्र लिहाल. आधी नवा एक्सरे, सिकम किती, पोटात मोकळी हवा, म्हणजे आतडं फुटल्याची खूण, दिसतेय का, मग पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरा, फेंटॅनिल कमी करा, आणि मग डोस. आणि यावेळी पोट बसलं की राइल्समधून पॉलिइथिलिन ग्लायकॉल, हेही शी सैल करणारं औषध, रोज चालू करायला सांगा. ते लॅक्टुलोजसारखं आंबत नाही. 2006 साली 30 पेशंटमध्ये बघितलं होतं, पोट एकदा बसल्यावर ते न मिळालेल्या 15 पैकी 5 जणांचं परत फुगलं, मिळालेल्यांत एकाचंही नाही. माझ्या मते आजोबांच्या बाबतीत हीच पायरी राहून गेली. फक्त पोट फुगलेलं असताना ते वरून ओतायचं नाही, बसल्यावर.

औषधानं जमलं नाही किंवा औषध देताच येत नसेल तर कोलोनोस्कोपीनं हवा काढतात, शक्य तितकी उजवीकडे जाऊन, हवा कमीत कमी भरून, शक्यतो कार्बन डायऑक्साइड वापरून, आणि येताना एक नळी आत ठेवून, नाहीतर बऱ्याच जणांचं परत फुगतं. त्या आधी तोंडानं जुलाबाचं औषध पाजायचं नसतं, हे कोणी सवयीनं लिहिलं तर थांबवा. आतड्याला भोक पडण्याचा धोका शंभरात दोन-तीन. त्यातूनच भिंत काळी पडलीय का हेही दिसतं. ऑपरेशन शेवटी, आणि फुटलं असेल तर लगेच, तिथं वाट बघणं नाही.

रात्री काय बघायचं? पोट हाताला कडक लागतंय का, गुंगीतही हात लावल्यावर कपाळावर आठी येते का, नाडी विनाकारण वाढतेय का, बीपी टिकवणारं नॉरॲड्रेनालिन तासातासाला थोडं थोडं वर जातंय का, व्हेंटिलेटरचे प्रेशर वाढतायत का, लघवी कमी झालीय का, ताप, पांढऱ्या पेशी आणि रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं लॅक्टेट वाढतंय का. पोट फार ताणलं की किडनी आणि फुफ्फुस दोन्ही दबतात, म्हणून लघवीच्या नळीतून पोटातला दाब मोजायला सांगा, 12 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तर कळवायचं, आणि 20 च्या वर जाऊन नवीन एखादा अवयव बिघडला तर झोपलेल्या सर्जनला उठवायचं. टेपचा घेर चांगलाच आहे, फक्त दोन्ही बाजूला पेननं खूण करा, पेशंट सरळ उताणा, श्वास सोडलेला असताना मोजा, नाहीतर तुमचा 101 आणि सकाळच्या सिस्टरचा 97 यावर भांडण होतं आणि एक्सरे राहून जातो.

ज्युनियर डॉक्टरांना "पोट फुगलंय" असं सांगू नका, ते दिवसातून दहा वेळा ऐकतात. असं सांगा: "सर, घेर काल 92, आज 101, राइल्समधून आठ तासांत 600 मिली हिरवं आलंय, नाडी 90 ची 118 झालीय, पोटॅशियम 3.1 आहे, फेंटॅनिल चालू आहे, मला आत्ता एक्सरे हवाय." वेळ टाकून नोट्समध्ये तेच लिहा. अर्ध्या तासात काही झालं नाही तर सीनियरना फोन करा, त्यात उद्धटपणा काही नाही. पंधरा वर्षांपूर्वी मला असा फोन कोणी केला असता तर मी रागावले असते कदाचित, पण एक्सरे झाला असता.

आज ड्युटीला गेलात की चार्ज घेतानाच विचारा, शेवटचा एक्सरे किती वाजताचा, सिकम किती, मॅग्नेशियम पाठवलंय का, सी डिफिसाइल पाठवलंय का, फेंटॅनिल किती वर आहे. आणि आजोबांचं पोट बसलं की कळवा, मी वाट बघतेय.